चालान कापलं, आता काय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानेवाड्याकडे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, वीज बिल ही नेहमीची कामं. पण अलीकडे दिवसातून चार-पाच जण तरी मोबाईल पुढे करत येतात, "भाऊ, हे कायचं चालान कापलं पाहा बरं." सरकारी कागदावर हा शब्द 'ई-चलान' असतो. आपल्याकडे सगळे चालानच म्हणतात, म्हणून इथेही चालानच. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते एकदा लिहून काढलं आहे.

माझ्या गाडीवर चालान आहे की नाही, हे कसं बघायचं?

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं 'महाट्रॅफिक ई-चलान' नावाचं संकेतस्थळ आहे आणि 'महाट्रॅफिक' नावाचं ॲपही आहे. गाडीचा नंबर टाकायचा आणि त्याखाली चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक. गाडीवर असलेली सगळी चालानं तारखेसकट समोर येतात. चालान क्रमांक हाताशी असेल तर त्यावरूनही शोधता येतं.

लोक अडकतात ते त्या चार अंकांपाशी. गेल्या पावसाळ्यात एक काका आले, आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) घरी, घर हिंगण्याला. "गाडीवरच लिहिलं असते ना," म्हणाले आणि दुकानासमोर उकिडवे बसले. मोबाईलचा टॉर्च लावून स्कूटरखालचा चिखल रुमालाने पुसत होते. दहा मिनिटांनी एक आकडा दिसला, तोही ६ की ० हे ठरेना. शेवटी मुलाला फोन लावून आरसीचा फोटो मागवला, तेव्हा काम झालं. आरसीचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, किंवा आरसी डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये घेऊन ठेवा.

मला तर कोणी थांबवलंच नाही. मग चालान कसं?

थांबवायची गरजच उरलेली नाही. चौकात उभा पोलीस हातातल्या ई-चलान यंत्रावर फोटो काढतो, गाडीच्या नंबरावरून मालकाचं नाव येतं आणि नोंदवलेल्या मोबाईलवर संदेश जातो. दुसरा मार्ग कॅमेऱ्यांचा. सेफ अँड स्मार्ट सिटी प्रकल्पात शहरातल्या शेकडो चौकांत सीसीटीव्ही लागलेले आहेत. व्हरायटी चौकात झेब्राच्या पट्ट्यांवर चाक ठेवून "थोडंच तर आहे" म्हणणाऱ्याला चार दिवसांनी तेच थोडंसं फोटोत दिसतं.

संदेश आला नाही म्हणून चालान नाही, असं मात्र समजू नका. जुन्या गाडीवर बहुतेकदा जुना मोबाईल नंबर नोंदलेला असतो, कधी कधी तर शोरूममधल्या पोराने स्वतःचाच टाकून दिलेला असतो. परिवहन विभागाच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर बदलता येतो. माझ्याकडे सात-आठ चालानं साचलेली बघून हादरणारे जे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच असतं.

भरण्याआधी काय बघायचं?

फोटो. प्रत्येक चालानासोबत फोटो असतो आणि दहातले आठ जण तो न बघताच यूपीआयचा पिन टाकायला बसतात. फोटोत गाडी तुमचीच आहे का, नंबर प्लेट वाचता येते का, रंग आणि कंपनी जुळते का, जागा आणि वेळ कोणती, कलम कोणतं लावलं, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ हा नियम २०२१ मध्ये आला. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनाने पकडलेल्या गुन्ह्याबाबत त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम नोटिशीत हवं आणि घटनेपासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायला हवी. हे माहीत असलं की तक्रार लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत.

कोणत्या चुकीला किती दंड?

इथे मोठा गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये तो दुरुस्त झाला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून देशात दंड एकदम वाढले. महाराष्ट्राने तेव्हा हात आखडता घेतला. नवे दर आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. त्यातही दोन आकडे असतात. एक कायद्यात लिहिलेला दंड आणि दुसरा कलम २०० खाली राज्य सरकारने ठरवलेली तडजोड रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरून मोकळं होण्याची रक्कम. चालानावर बहुधा ही दुसरी रक्कम येते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता आणि तुमच्या चालानावरचा आकडा जुळला नाही, तर लगेच कोणी लुबाडलं असं समजू नका.

किरकोळ म्हणता येतील अशा गोष्टी, म्हणजे नो पार्किंग, सिग्नल, रस्त्यावरच्या खुणा न पाळणं, या कलम १७७ खाली जातात: पहिल्यांदा ५००, पुढच्या वेळी १,५००. पुढच्या वेळी हा शब्द लोक विसरतात. "मागच्या महिन्यात तर पाचशेच घेतले होते" असं म्हणत येणाऱ्याला तो मागचा महिनाच महाग पडलेला असतो.

हेल्मेट नसेल तर कलम १९४-ड, कायद्यात १,००० रुपये. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं आणि त्याचं चालान वेगळं होऊ शकतं. शंकरनगर चौकातून जाणाऱ्या नवरा-बायकोत त्याच्या डोक्यावर आयएसआयवालं हेल्मेट आणि तिच्या डोक्याला फक्त स्कार्फ, हे आपल्या शहराचं नेहमीचं चित्र. मे महिन्यात स्कार्फ लागतोच, पण कायदा त्याला हेल्मेट मानत नाही. ट्रिपल सीटला कलम १९४-क, तिथेही १,०००. सीट बेल्ट नसल्यास कायद्यात १,०००.

वेगमर्यादा ओलांडली तर महाराष्ट्रात कारला २,००० आणि दुचाकीला १,०००. लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,०००, आणि ज्याने चालवायला दिली त्या मालकाला कलम १८० खाली आणखी ५,०००. विमा नसेल तर २,०००, पुन्हा सापडलात तर ४,०००. थर्ड पार्टी विमा बहुतेक दुचाकींना त्याहून स्वस्तात होतो, हा हिशोब मी सगळ्यांना सांगतो. लोक मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विमा संपवूनच येतात.

रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणं कलम १९४-ई खाली येतं. त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मेडिकल चौकात रोज रुग्णवाहिका अडकलेल्या बघतो, तेव्हा वाटतं की हे कलम आणखी वापरलं जायला हवं.

बुलेटचं सायलेन्सर बदललं तर?

फटाके फोडणारं सायलेन्सर लावणं हा गाडीत केलेला बेकायदा बदल आहे. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाच्या प्रदूषणाचं कलम १९०(२) वेगळं. शिवाय सायलेन्सर काढून घेतात, ते वेगळंच. नंबर प्लेटवर ८०५५ चं 'बॉस' करून फिरणाऱ्यांचंही चालान होतं. त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

पैसे भरले की विषय संपला ना?

दंडाचा संपला. लायसन्सचा संपेलच असं नाही.

हेल्मेट, ट्रिपल सीट, रुग्णवाहिकेला वाट न देणं, अतिवेग, मोबाईल वापरत गाडी चालवणं, शर्यत लावणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे निलंबनासाठी पाठवू शकतात. हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या कलमांत तर तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूदच आहे. तडजोड रक्कम भरल्याने ही कारवाई टळत नाही, असं कलम २०० मध्येच लिहिलं आहे. प्रत्येक हेल्मेटच्या चालानामागे लायसन्स जातंच असं दिसत नाही, पण "हजार रुपये फेकले, झालं" असं म्हणणाऱ्याने हे वाक्य डोक्यात ठेवावं. त्या तीन महिन्यांत गाडी चालवताना सापडलात तर तो आणखी वेगळा गुन्हा.

दंड भरायचे मार्ग कोणते?

सोपा मार्ग ऑनलाइन. संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरायचं ते चालान निवडा, यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने पैसे द्या आणि पावती डाउनलोड करा. सगळी चालानं एकत्र भरता येतात, वेगवेगळीही भरता येतात. ज्याच्यावर वाद आहे ते बाजूला ठेवून बाकीची भरून टाकता येतात, हे अनेकांना माहीत नसतं.

ऑनलाइन जमत नसेल तर वाहतूक पोलिसांकडे भरता येतं. वाहतूक शाखेचे विभाग शहरात जागोजागी आहेत: सीताबर्डी, सदर, कॉटन मार्केट, इंदोरा, सक्करदरा, अजनी, सोनेगाव, लकडगंज, एमआयडीसी. चालान पूर्वीचं असलं तरी चौकातल्या यंत्रधारी पोलिसाकडेही भरता येतं. पैसे कसेही दिले तरी यंत्रातून निघालेली किंवा मोबाईलवर आलेली पावती घ्या. पावतीशिवाय दिलेल्या पैशाला दंड म्हणत नाहीत, त्याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे आणि तो देणाऱ्यालाही तितकाच चिकटतो.

पैसे कटले, पण चालान अजून बाकीच दाखवत आहे.

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि एक-दोन दिवस थांबा. बहुतेक वेळा स्थिती बदलते किंवा पैसे परत येतात. नाहीच बदललं, तर त्या क्रमांकासह संकेतस्थळावरच तक्रार करा किंवा वाहतूक शाखेच्या कार्यालयात जा.

चालान माझं नाहीच. आता?

हे माझ्याच घरी झालं. मामांची स्कूटर त्या दिवशी पंक्चर होऊन गल्लीतल्या दुकानात पडून होती आणि चालान आलं शहराच्या दुसऱ्या टोकाचं, हेल्मेटचं. मामा तापले, "मी भरूनच राहिलो नाही." फोटो उघडला तर त्यात भलतीच मोटारसायकल. प्लेटवरचा शेवटून दुसरा अंक ३ होता, त्यावर उडालेल्या चिखलाने तो ८ झाला होता. आमचा ८.

संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चालान क्रमांक टाकायचा, कारण लिहायचं आणि पुरावा जोडायचा. आम्ही मामांच्या गाडीचा मागून आणि बाजूने फोटो, आरसीचा फोटो आणि तीन ओळी जोडल्या: चालानातली गाडी मोटारसायकल आहे, आमची स्कूटर आहे, नंबर चुकीचा वाचला गेला. पहिल्यांदा काहीच उत्तर आलं नाही. मग छापील अर्ज घेऊन वाहतूक शाखेत गेलो, पोच घेतली, त्यानंतर चालान रद्द झालं. मधल्या दिवसांत मामांनी आख्ख्या मोहल्ल्याला ही गोष्ट सांगितली.

लांबलचक निबंध लिहू नका, रागही लिहू नका. फोटोत काय दिसतं आणि खरं काय आहे, एवढंच लिहा. आणि हे लवकर करा. त्या दिवशी तुम्ही दुसरीकडे होता याचे पुरावे, म्हणजे ऑफिसची हजेरी, टोलची नोंद, गॅरेजची पावती, महिन्याभरात कुठे जातात कळत नाही.

तुमचाच नंबर लावून कोणी दुसरी गाडी फिरवत असेल, तर ती नुसती चालानाची तक्रार नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची करण्यामागे हेही एक कारण आहे. दुचाकीला ती ४५० रुपये अधिक जीएसटीत बसते.

पोलिसाने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला. चालतं का?

खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने चालान करू नका, अशा सूचना राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये दिल्या आहेत. फोटो ई-चलान यंत्रावरच काढायचा. असा प्रकार दिसला तर वाद न घालता वेळ, चौक आणि पोलिसाच्या छातीवरचं नाव लक्षात ठेवून वरिष्ठांकडे तक्रार करा.

गाडी विकून दोन वर्षं झाली, चालान अजून माझ्याच मोबाईलवर येतं.

कारण कागदावर गाडी अजून तुमचीच आहे. इतवारीतल्या एका दुकानदाराने जुनी मोपेड ओळखीच्या पोराला आठ हजारांत दिली, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं आणि निश्चिंत झाला. आता त्या मोपेडची चालानं याला येतात आणि तो पोरगा फोन उचलत नाही. स्टॅम्प पेपरने मालकी बदलत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत हस्तांतरण व्हावं लागतं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं.

गाडी कोणत्या कार्यालयात नोंदलेली आहे ते नंबरावरून कळतं: एमएच-३१ असेल तर गिरीपेठचं शहर कार्यालय, एमएच-४९ म्हणजे पूर्व नागपूर, एमएच-४० म्हणजे ग्रामीण. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आधी चालानं तपासावीत. थकबाकीवर हस्तांतरणाचं काम अडतं आणि मग "हे तुमचं की माझं" यावर जुनी मैत्री तुटते.

गाडी भाच्याने नेली होती, चालान मला का?

कॅमेऱ्याला नंबर दिसतो, चेहरा कोणाचा ते नाही. नोटीस मालकालाच येते. गाडी कोण चालवत होतं हे विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावरच टाकली आहे. घरातला हिशोब घरात करा.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, क्लासलाच तर जातो गाडीने.

या एका प्रश्नावर मी दुकानात आवाज चढवतो.

कलम १९९-अ वाचा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. हे यंत्रावर भरून सुटायचं प्रकरण नाही. कोर्टात "आम्हाला माहीत नव्हतं" हे पालकालाच सिद्ध करावं लागतं, आणि किल्ली घरातल्या खुंटीवर असताना ते कसं करणार? सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. क्लाससमोर उभ्या असलेल्या गाड्या ११० आणि १२५ सीसीच्या असतात.

विजेवरच्या गाडीबद्दलही विचारतात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच तिला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. दुकानदाराने "काहीच लागत नाही" म्हटलं आणि गाडी ताशी पंचेचाळीसने पळत असेल, तर लागतं.

आम्ही दोघं आणि मधे पाच वर्षांची पोरगी. हेही ट्रिपल सीट का?

हो. चालक सोडून एकच जण, असं कायद्यात आहे आणि लहान मुलाची सूट त्यात लिहिलेली नाही. रस्त्यावर पोलीस बहुतेकदा सोडून देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा आहे. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतं. चार वर्षांखालच्याला बेल्टसारखा हार्नेस आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही, असा नियम आहे. लहान मुलांचं हेल्मेट शोधायला निघालात तर दोन-चार दुकानं फिरायची तयारी ठेवा.

दारू पिऊन सापडलो तर जागेवर किती भरावं लागतं?

जागेवर काहीच नाही, कारण तिथे तडजोडच नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की कलम १८५ लागतं आणि प्रकरण कोर्टात जातं. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. गाडी ठाण्यात राहते, घरी जायचं ते ऑटोने.

चालान भरलंच नाही तर काय होतं?

लगेच आभाळ कोसळत नाही, म्हणून तर लोक भरत नाहीत. पण चालान आपोआप पुसलं जात नाही. नाकाबंदीत यंत्रावर नंबर टाकला की सगळा इतिहास दिसतो. आरटीओचं काम निघालं की तिथे अडतं. आणि प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

कोर्ट म्हटल्यावर लोक घाबरतात, त्यांना एक सांगतो. वाहतुकीच्या प्रकरणांसाठी आभासी न्यायालय, म्हणजे ऑनलाइन चालणारं कोर्ट, ही सोय आहे आणि तिचा नागपूर जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. ३१ ऑक्टोबर २०२० ला तेव्हाचे सरन्यायाधीश, आपले नागपूरचेच शरद बोबडे यांनी इथल्या 'न्याय कौशल' ई-केंद्राबरोबर वाहतूक प्रकरणांच्या आभासी न्यायालयाचं उद्घाटन केलं होतं. प्रकरण तिथे गेलं असेल तर पोर्टलवर दोन पर्याय दिसतात: दंड मान्य करून भरा, किंवा मान्य नाही असं नोंदवा. मान्य नाही म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

लोकअदालतीत निम्मे पैसे माफ होतात म्हणे?

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा होते, बहुधा शनिवारी. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात थकलेली चालानंही तडजोडीसाठी ठेवली जातात. त्याआधी मोबाईलवर संदेश येतो. कधी रक्कम कमी करून मिटवली जाते, पण किती कमी आणि कोणत्या चालानांत, हे त्या त्या वेळी ठरतं. 'सरसकट ५० टक्के सूट, आजच शेवटचा दिवस' असा फॉरवर्ड आला की आधी बघा, त्यात एखादी लिंक आहे का.

तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे जे चालान मुळातच चुकीचं आहे, ते स्वस्तात मिटतंय म्हणून तिथे मान्य करू नका. नाहीतर पुढच्या चालानाला तुम्ही 'पुन्हा गुन्हा करणारे' ठरता.

पचमढीला गेलो होतो, तिथलं चालान महाराष्ट्राच्या साइटवर दिसत नाही.

दिसणार नाही. मध्य प्रदेशचं चालान केंद्राच्या परिवहन ई-चलान पोर्टलवर बघावं लागतं. हैदराबादला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तेलंगणा पोलिसांची साइट आणखी वेगळी आहे.

समृद्धी महामार्गावर चालान कशाचं होतं?

मुख्यतः वेगाचं. शिवमडक्यातून चढलं की रस्ता इतका सरळ आणि मोकळा की काटा १४० कधी ओलांडतो कळत नाही. कारला मर्यादा ताशी १२० ची आहे. दुचाकीला तर तिथे प्रवेशच नाही. थांबायचं असेल तर ठरलेल्या जागीच. कडेला गाडी लावून फोटो काढणं दंडापेक्षा जिवाला महाग पडतं.

मोबाईलमधलं लायसन्स पोलीस मान्य करत नाहीत.

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत. केंद्रीय नियम १३९ मध्येच इलेक्ट्रॉनिक कागद दाखवण्याची सोय आहे. गॅलरीत ठेवलेला फोटो मात्र त्यात बसत नाही, आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात. लोक गॅलरी उघडतात आणि "डिजिटल आहे ना" म्हणतात.

गाडीची किल्ली काढून घेतली तर?

किल्ली हिसकावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठे लिहिलेला नाही. गाडी अडकवून ठेवण्याचे अधिकार आहेत, पण ते नोंदणी, लायसन्स किंवा परवाना नसणं अशा कारणांसाठी. पोलिसाने गणवेशात मागितल्यावर लायसन्स दाखवणं मात्र तुमचं काम आहे. आणि पोलीसच बिनहेल्मेटचा दिसला तर? कलम २१०-ब: नियमांची अंमलबजावणी करणाऱ्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. हे ऐकून दुकानातला प्रत्येक जण खूश होतो.

गाडी टो करून नेली. कुठे शोधायची?

आधी खरंच टो झाली की चोरीला गेली ते बघा. बर्डीवर हा प्रश्न रोजचा. ज्या भागातून गाडी उचलली, त्या भागाच्या वाहतूक विभागात विचारा. नो पार्किंगचा दंड आणि टोइंगचं शुल्क या दोन वेगळ्या रकमा असतात. दोन्हींची पावती मागा. सोडवताना आरसी आणि लायसन्स लागतं.

'तुमचं चालान कापलं आहे, फाइल उघडा' असा व्हॉट्सॲप आला आहे.

उघडू नका. खरं चालान बघायला कोणतीही फाइल मोबाईलमध्ये टाकावी लागत नाही. 'आरटीओ चालान' नावाची एपीके (म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडली की मोबाईलमधले ओटीपी दुसरीकडे जायला लागतात आणि तासाभरात खातं रिकामं होतं. शंका आली तर संदेशातल्या लिंकवर बोट न ठेवता स्वतः अधिकृत साइट उघडा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

उन्हाळ्यात दुपारी सिग्नल बंद असतात, तेव्हा कोण आधी जाणार?

एप्रिल-मेच्या दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना पंचेचाळीस अंशांत उभं राहावं लागू नये म्हणून. सिग्नल बंद म्हणजे नियम बंद, असं नाही. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून जायचं, लाल लुकलुकत असेल तर थांबून बघून जायचं. दिवाच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे प्रत्यक्षात ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो, हे मलाही माहीत आहे.

तुमच्या दुकानात चालान भरून देता का? किती घेता?

देतो. वीस रुपये, प्रिंटसकट. आरसीचा फोटो आणा, दुकानासमोर गाडीखाली वाकायला जागा नाही.